मनाचं राहू दे, पानाचं काढ

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईकडे एक काम न मागता येतं. एखादं मूल अबोल झालं, क्षुल्लक कारणावरून हमरीतुमरीवर यायला लागलं किंवा डबा न उघडता परत न्यायला लागलं, की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "तुमच्याकडे बसवा जरा. चित्रं काढू द्या, मन मोकळं होईल." आमच्या समुपदेशक मॅडम सहावी-सातवीतल्या काही मुलांची यादी घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्याही डोक्यात साधारण हेच होतं. आठवड्यातून एकदा चित्रकलेच्या खोलीत बसवायचं, कागद-रंग द्यायचे आणि 'आज तुला कसं वाटतंय ते काढ' असं सांगायचं. मी तयार झाले, पण दोन अटींवर. खोलीत नाही, बाहेर. आणि 'कसं वाटतंय' हा विषय द्यायचा नाही.

दुसरी अट मॅडमना खटकली. भावना बाहेर काढायच्या म्हणूनच तर चित्र, मग त्याच काढायच्या नाहीत म्हणजे काय? मी त्यांना जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर या मानसशास्त्रज्ञांचं २०१३ सालचं काम दाखवलं. त्यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांना आधी एखादा निराश करणारा प्रसंग आठवायला लावला. मग काहींना तोच प्रसंग चितारायला सांगितला आणि काहींना त्याच्याशी संबंध नसलेलं काहीतरी. मूड जास्त सुधारला तो दुसऱ्या गटाचा. आता हा एका बैठकीतल्या मूडचा प्रयोग आहे, आजाराचा नाही, हे मान्य. पण माझा वर्गातला अनुभव त्याच्याशी जुळत होता. 'तुझं दुःख काढ' म्हटलं की मुलं तुटलेलं हृदय, ढग आणि पावसाचे थेंब काढतात. बाईंना काय हवंय ते त्यांना बरोबर कळतं.

बाहेर जायचं कारण सांगायला फारसे कष्ट पडले नाहीत. रॉजर उलरिच यांचा १९८४ मधला अभ्यास मॅडमना ठाऊक होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. मला मात्र रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचं म्हणणं शाळेला जास्त लागू पडतं असं वाटतं. फळ्यावर, पुस्तकावर, गणितावर नेटाने लक्ष ठेवावं लागतं आणि त्या नेटाचाच थकवा येतो. वाऱ्यावर हलणारी फांदी, सरकणारा ढग, मुंग्यांची रांग यांच्याकडे मन विनासायास रमतं आणि तेवढ्यात थकलेल्या भागाला विश्रांती मिळते. अशा ठिकाणी हाताला काम दिलं तर? ब्रिटनमध्ये केंब्रिज परिसरातल्या शाळांमधून 'आर्टस्केपिंग' नावाने लहान मुलांबरोबर हेच चालतं, आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी त्याचा अभ्यासही केला आहे. म्हणजे आम्ही काही नवा शोध लावत नव्हतो.

मुख्याध्यापक सरांचे प्रश्न वेगळे होते. कुठला तास बुडणार? साप निघाला तर? पालकांना काय सांगायचं? पहिल्या प्रश्नावर मी माझेच तास देऊ केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयातल्या दर सात जणांमागे एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. चाळीसच्या वर्गात पाच-सहा मुलं, हा हिशेब मांडल्यावर सर थोडा वेळ पटाकडे बघत राहिले. यादीत त्याहून कमी नावं होती.

पालकांच्या पत्राचा मसुदा दोनदा बदलला. शेवटी त्यात 'निसर्गात कलाकाम' एवढंच ठेवलं आणि गट मिसळता केला: निम्मी मुलं यादीतली, निम्मी ज्यांना हौस आहे ती. कोण कशामुळे आलंय हे मुलांना कळता कामा नये, यावर मॅडम अडून बसल्या आणि ते फार बरं झालं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात त्या तासाला कसलं नाव पडलं असतं ते शाळेत काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. यादीतल्या मुलांच्या पालकांशी मॅडम स्वतंत्रपणे बोलल्या.

जागा म्हणजे इमारतीमागची पट्टी. एका बाजूला कुंपणाची भिंत, मध्ये मोजकी झाडं, पाण्याच्या टाकीखाली कायम ओलसर राहणारा कोपरा. सुंदर वगैरे अजिबात नाही. आम्ही आधी ती पायाखाली घातली. गाजरगवत मुळासकट काढून घेतलं, कारण त्याने अंगावर पुरळ उठतं. भिंतीवर खाजकुइलीचा वेल होता, तोही काढला. काचा वेचल्या, झाडांवर मधमाश्यांचं पोळं नाही ना ते पाहिलं. कुणाला कसली अ‍ॅलर्जी आहे, दम्याचा पंप कुणाच्या दप्तरात असतो, याची यादी माझ्या पिशवीत. दर वेळी दोन मोठी माणसं हवीतच: एक मुलांबरोबर बसणारं, एक कडेला उभं राहून सगळ्यांवर नजर ठेवणारं. जागा बदलायची नाही, हेही ठरवलं. नव्या जागेचं अप्रूप एका दिवसाचं असतं. त्याच खोडाशी पुन्हा पुन्हा बसलं की काल नव्हती ती पालवी दिसते, पडलेलं घरटं दिसतं, आणि ज्या मुलाच्या घरी सगळं डळमळीत आहे त्याला निदान एक झाड जागच्या जागी सापडतं.

नियम थोडेच होते. शिट्टी वाजली की गोल करून बसायचं. कागदावर नाव घालायचं नाही. खोडरबर आणायचा नाही. गुण नाहीत, शेरा नाही, फोटो नाहीत. फोटोच्या नियमाने मुलांपेक्षा शिक्षकांची जास्त पंचाईत झाली.

पहिल्या दिवशी मुलं बाहेर आली आणि धावत सुटली. धावू दिली. मग कागद हातात पडल्याबरोबर शाळा परत आली. "बाई, किती पानं काढायची?" "समास सोडायचा का?" "हे कितीला आहे?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "बाई, बरोबर आहे का?" या प्रश्नाला 'छान!' म्हटलं की मूल पुढच्या वेळी त्या 'छान'साठीच काढतं. म्हणून मी चित्राबद्दल न बोलता वस्तूबद्दल बोलायचं ठरवलं होतं. "ही शीर कडेपर्यंत गेलीय का रे? बघ बरं." मूल परत पानाकडे वळतं. त्याला उत्तर माझ्याकडून नाही, पानाकडून मिळतं.

सुरुवात कागदाकडे न बघता काढायच्या रेघेने केली. डोळा काडीच्या कडेवरून जितक्या सावकाश सरकेल तितक्याच सावकाश पेन्सिल चालवायची, खाली बघायचं नाही. निघतं ते सगळ्यांचंच वेडंवाकडं. चित्रकलेत पहिला येणारा आणि 'मला काहीच येत नाही' म्हणणारा एकाच रांगेत येतात, सगळे खो खो हसतात आणि गटाची भीड मोडते. मग पानांवर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा घासणं (शिरा उठावदार असलेली पालथी बाजू वर ठेवायची, नाहीतर काही उमटत नाही), चाळलेल्या मातीत डिंकाचं पाणी घालून केलेले रंग, कागदावर पडलेल्या फांदीच्या सावलीची कड गिरवणं. सावली अर्ध्या तासात रेघ सोडून सरकते. हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचूनही कुणाला माहीत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं.

आवाजांचा नकाशा मात्र थोडा सविस्तर सांगते, कारण ज्यांना शांत बसवत नाही त्यांच्यासाठी त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. कागदाच्या मधोमध फुली मारायची, ती फुली म्हणजे आपण. डोळे मिटायचे. आवाज आला की ज्या दिशेने, जितक्या लांबून आला तिथे खूण करायची. शब्द लिहायचे नाहीत. टिंब, नागमोडी रेघ, काट्यांचा गोळा, जसा आवाज तशी खूण. 'डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या' असं सांगितल्यावर जी मुलं वळवळतात, एकमेकांना चिमटे काढतात, तीच इथे पुतळ्यासारखी बसली. कारण त्यांना शांत व्हायचं नव्हतं, आवाज पकडायचे होते. ज्यांना डोळे मिटायची भीती वाटते अशीही मुलं असतात. त्यांना मिटायला लावायचं नाही, जमिनीवर एका जागी नजर ठेवली तरी चालतं. आणि उघड्यावर मधोमध बसणं ज्यांना नको असतं त्यांच्यासाठी भिंत राखून ठेवलेली होती. पाठीला भिंत असली की काही मुलांचे खांदे अक्षरशः दोन बोटं खाली येतात.

सगळ्यात लाडका प्रकार ठरला तो पानं ठोकण्याचा. जुन्या सुती चादरीचे तुकडे तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचे, तुकड्याच्या घडीत ताजं, रसरशीत पान ठेवायचं, खाली फळी घ्यायची आणि वरून दगडाने ठोकायचं. आधी कडेकडेने हलके, मग मध्ये जोरात. घडी उघडली की पानाची हिरवी जोडी समोरासमोर, शिरांसकट. जाड, तुकतुकीत पानं नुसती चेचली जातात, कोवळी मऊ पानं उत्तम. त्या दिवसापुरती प्रत्येकाला मोजकी पानं तोडायची परवानगी होती. हा हिरवा रंग टिकत नाही, उजेडात राहिला की तपकिरी होत जातो, हेही आधीच सांगितलं. ठोकण्याला काही मर्यादा घातली नाही. पहिल्याच दिवशी एकाने कापडाला भोक पडेपर्यंत ठोकलं, माझ्याकडे पाहिलं, दुसरा तुकडा मागितला. दिला.

सातवीतला एक मुलगा होता. गैरहजेरी खूप, वर्गात डोकं बाकावर. पहिले काही आठवडे तो भिंतीला टेकून एकाच खोडाची साल घासून घासून कागदावर उतरवत राहिला. बोलला ते एवढंच, "बाई, त्या भेगेतून मुंग्या जातात, तिथे कागद नका ठेवू." पुढे एकदा ठोकण्याच्या दिवशी तो आणि मी एकाच फळीवर होतो. मी कापड ताणून धरलं होतं, तो ठोकत होता. मान वर न करता म्हणाला, "आमची आता दोन घरं झालीत." ठक, ठक. "शनिवारी कुठलं, ते आयत्या वेळी ठरतं." मी "हं" म्हटलं आणि कापडाची बाजू बदलून दिली. त्याने घडी उघडली, ठसा बघितला, देठ नीट आला नाही म्हणाला आणि दुसरं पान घेतलं.

समोरासमोर बसवून, डोळ्यांत बघत 'सांग ना, काय झालं' विचारलं असतं तर हे वाक्य आलं नसतं, अशी माझी खात्री आहे. हात गुंतलेले, नजर तिसऱ्याच वस्तूवर, मोठं माणूस शेजारी आणि तेही कामात. मुलं बोलतात ती अशा वेळी. पण बोलावीत म्हणून हे करायचं नाही. मासा लागेल म्हणून गळ टाकून बसल्यासारखं आपण बसलो तर मुलांना वास येतो.

त्या दिवशी तास संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तू बोललास ते मॅडमना सांगू का? शनिवारचं काही करता येईल." तो "चालेल" म्हणाला. मॅडमनी दोन्ही पालकांना बोलावलं आणि निदान शनिवार कुठला हे आठवड्याच्या सुरुवातीला ठरायला लागलं. याआधी मॅडमनी आम्हा बाहेर बसणाऱ्या सगळ्यांना नीट बजावलं होतं: 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधी द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही, आपले शब्द त्याच्या तोंडी घालायचे नाहीत. इजा, मारहाण, नको तो स्पर्श, जगावंसं न वाटणं, असं काही कानावर आलं तर मुलाच्याच शब्दांत लिहून त्याच दिवशी त्यांच्याकडे पोचवायचं. ही पूर्वतयारी नसेल तर पानं-फुलं घेऊन बाहेर बसूच नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

चित्रांवरून निदान करायचा मोह हा आणखी एक त्रास. एका मुलीची सगळी चित्रं काळीकुट्ट यायला लागली. एक सहकारी शिक्षिका ते कागद बघून हळहळल्या, "बघा हो, आत किती अंधार असेल!" मी त्या मुलीला विचारलं, काळाच का गं? ती म्हणाली, "कोळसा सगळ्यात भारी चालतो. खडू दगडावर घसरतो." अमुक रंग म्हणजे तमुक दुखणं असा तक्ता कुठेही नाही. कला-उपचार हे वेगळं शास्त्र आहे, त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, आणि ते घेतलेली माणसंसुद्धा असं एका चित्रावरून बोलत नाहीत.

हौशी म्हणून आलेल्यांत वर्गातली एक हुशार मुलगी होती, नेहमी पहिल्या तिनांत. खोडरबर नाही म्हटल्यावर तिने थुंकी लावून रेघ पुसायचा प्रयत्न केला आणि कागद फाटला. मग दुसरा, तिसरा. अशी मुलं कुठल्याच यादीत नसतात, कारण त्यांचा कुणाला त्रास नसतो. तिची गाठ सुटली ती निळ्या छपाईत. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि लगेच पुढच्या वर्षापासून वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी त्याच रीतीने समुद्रशैवालांच्या निळ्या-पांढऱ्या प्रतिमा छापल्या. लोहाच्या दोन क्षारांचं द्रावण मी घरीच, अंधाऱ्या खोलीत हातमोजे घालून कागदांना लावून आणलं होतं. मुलांनी फक्त त्यावर पानं, पिसं, काड्या मांडायच्या, उन्हात काही मिनिटं थांबायचं आणि कागद पाण्यात धुवायचा. हळूहळू गडद निळं उमटतं, वस्तू होती तिथे पांढरं. चुकायला इथे रेघच नाही. वाऱ्याने तिचं एक पान मध्येच सरकलं, त्याच्या कडेला फिकट निळी सावली आली, आणि ती तोच कागद सगळ्यांना दाखवत फिरली.

सगळ्यांना हे मानवलं असं नाही. ओल्या मातीचा स्पर्श एकाला खरोखर सहन होत नव्हता. त्याला चिमटा आणि ब्रश दिला, तरी तो रमला नाही आणि काही आठवड्यांनी मजेत क्रिकेटकडे गेला. एक मुलगी नियमित यायची, सुरेख कामही करायची, पण तिची झोप उडालेलीच राहिली आणि वजन उतरत गेलं. मॅडमनी पालकांना सोबत घेऊन तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधं सुरू झाली, ती अजूनही आमच्याकडे येते. बाहेर बसून कला करणं हे उपचाराच्या जागी नाही. ते उपचारासोबत चालू शकतं, आणि कुणाला गरज आहे ते लवकर दिसायला उपयोगी पडतं.

मग फरक पडला का? मॅडमनी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न वाटलं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, रोजच्या गोष्टींत मन लागलं का. बऱ्याच मुलांची बेरीज वर गेली. सर खूश झाले, अहवालात टाकूया म्हणाले. मी आणि मॅडम नको म्हणालो. गट लहान, तुलनेला दुसरा गट नाही, शिवाय दुसऱ्यांदा भरून घेतलं तेव्हा परीक्षा नुकतीच संपली होती. परीक्षा संपल्यावर कुणाला प्रसन्न वाटत नाही? कलेमुळे ताण उतरतो म्हणून गिरिजा कैमल यांचा २०१६ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो: ४५ मिनिटं कलाकाम केल्यावर ३९ पैकी सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. ते लोक प्रौढ होते आणि तिथेही तुलनेचा गट नव्हता. मला त्यातलं भावतं ते वेगळंच: आधी कलेची सवय असण्या-नसण्याने तिथे फरक पडला नाही. 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्याला मी हे सांगते.

अहवाल टळला तर स्नेहसंमेलनात प्रदर्शन मांडायची कल्पना निघाली. त्यावर बरीच बोलाचाली झाली. नाव न घालता काढलेलं काम भिंतीवर लागलं की पालक आपल्या मुलाचं शोधणार, शेजारच्याशी तुलना करणार, आणि पुढच्या आठवड्यापासून 'बरोबर आहे का?' परत सुरू. शेवटी तोडगा निघाला तो असा की कामं लावायची नाहीत, पण फळी, कापड, पानं ठेवायची आणि पालकांनीच ठोकायचं. दोन-तीन वडील तिथून हलायला तयार नव्हते.

या सत्रात पाचवीचाही गट मागितलेला आहे. त्यासाठी कडेला उभं राहणारं दुसरं मोठं माणूस दर आठवड्याला नक्की मिळालं पाहिजे, एवढीच अट मी लेखी दिली आहे. सरांनी ग्रंथपालांचं नाव सुचवलंय. त्यांना किड्यांची भीती वाटते, पण यायला तयार आहेत.